डोंगर कोणाच्या चाकांचा? हार्झच्या जंगलवाटा आणि त्यांच्याखालचा इतिहास

१/
जर्मनीच्या मध्यभागी हार्झ नावाची एक ठेंगणी डोंगररांग आहे. लांबी सुमारे ११० किलोमीटर, रुंदी तीस-चाळीस किलोमीटर, आणि ब्रोकेन हे सर्वोच्च शिखर अवघे १,१४१ मीटर उंच. आज ही रांग युरोपातील माउंटन बाइकस्वारांना चांगलीच परिचित आहे. चिन्हांकित सायकलमार्गांचे येथील जाळे दोन हजार किलोमीटरांहून मोठे आहे. त्याच वाटांवरून तेथे एक वादही चालू असतो : या प्राचीन अरण्यात सायकलींना प्रवेश असावा का?

हा धागा त्या वादातील एका शब्दाविषयी आहे. तो शब्द म्हणजे ‘प्राचीन अरण्य’.

२/
वादातील दोन्ही पक्षांची भूमिका परिचित आहे. एका पक्षाच्या मते जंगल ही शांततेची जागा आहे. टायरांनी मातीची धूप होते, प्राणी बिचकतात, पायी चालणाऱ्यांना धोका निर्माण होतो. दुसऱ्या पक्षाच्या मते डोंगर सर्वांचा आहे. चालणाऱ्याला जो अधिकार, तोच सायकलस्वारालाही. हे दोन पक्ष एकमेकांशी भांडतात खरे, परंतु एका गृहीतकावर त्यांचे एकमत आहे. डोंगर म्हणजे निसर्ग, आणि वाट म्हणजे त्या निसर्गात शिरण्याचे साधन, असे दोघेही मानतात.

इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. हार्झमधील वाट हाच मुळी डोंगराचा दस्तऐवज आहे.

३/
आरंभ धातूपासून करावा लागतो. गोसलार शहराला लागून राम्मेल्सबर्ग हा डोंगर आहे. तेथील चांदीच्या खाणीचा लेखी उल्लेख इसवी सन ९६८चा. प्रत्यक्ष धातुकाम त्याहून बरेच जुने असल्याचे उत्खननांतून दिसले आहे. चांदी, तांबे, शिसे आणि जस्त देणाऱ्या या खाणीच्या बळावर मध्ययुगीन जर्मन सम्राटांची सत्ता उभी राहिली, आणि अकराव्या शतकात गोसलारला त्यांचा भव्य राजवाडा झाला. खाण बंद झाली १९८८ मध्ये. म्हणजे लेखी नोंदीपासून मोजले तरी हजार वर्षांहून अधिक काळ एकच डोंगर खणला जात होता. १९९२ मध्ये खाण आणि शहर या दोहोंना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

४/
परंतु खाण केवळ खडक खात नाही, ती जंगलही खाते. सुरुंगाची दारू येण्यापूर्वी खडक फोडण्याची पद्धत अशी होती : खाणीच्या पोटात लाकडांचे ढीग रचून पेटवायचे, खडक तापवून तडकवायचा आणि मग तो उकरून काढायचा. बोगद्यांना आधार देण्यासाठी खांब लागत. धातू वितळवण्यासाठी लोणारी कोळसा लागे, तोही अफाट. त्या कोळशासाठी लोणारी लोक डोंगरउतारावर सपाट, गोल ओटे कोरून त्यांवर भट्ट्या लावत. असे ओटे हार्झच्या उतारांवर आजही जागोजागी दिसतात. पायाखालची माती अचानक काळी लागली, तर ती बहुधा भट्टीची जागा असते.

हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

५/
सोळाव्या शतकात खाणकामाला नवी भरती आली. राज्यकर्त्यांनी खाणकामगारांना करसवलती आणि विशेष हक्क देऊ केले. पूर्वेकडील एर्झगेबिर्ग या खाणपट्ट्यातून कुशल मजूर येऊन वसले. क्लाउस्टाल, झेलरफेल्ड, आल्टेनाउ, लाउटेनटाल, विल्डेमान, ग्रुंड आणि सांक्ट आंद्रेआसबर्ग या सात खाणनगरांनी वरचा हार्झ व्यापला. जेथे थंडी कडाक्याची, जमीन नापीक आणि हिवाळा लांब, तेथे शेतकऱ्याने कधी गाव वसवले नसते. ही गावे जमिनीखालच्या धातूने वसवली. त्यांना जोडणारे रस्तेही धातूनेच आखून दिले.

६/
खाण जसजशी खोल जाई, तसतसे पाणी आत झिरपे. ते उपसायला शक्ती हवी, आणि त्या काळी डोंगरात शक्ती एकच होती : खुद्द पाणीच. वरून पाणी सोडून पाणचक्र फिरवायचे आणि त्या चक्राच्या जोरावर खालचे पाणी उपसायचे. यासाठी हार्झच्या लोकांनी शतकानुशतके जी व्यवस्था रचली, तिला वरच्या हार्झची जलव्यवस्था म्हणतात. शंभराहून अधिक तलाव, एकंदर सुमारे ५०० किलोमीटर लांबीचे पाट, आणि डोंगर फोडून काढलेले पाण्याचे बोगदे. २०१० मध्ये जागतिक वारशाची सीमा वाढवून ही व्यवस्थाही त्यात घेण्यात आली.

७/
१७१५ ते १७२२ या काळात बांधलेला ओडरटाइश तलाव हे त्या व्यवस्थेतील एक ठळक नाव. त्याचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जर्मनीतील सर्वांत मोठे मानले जाई. त्याचे पाणी रेबर्गर ग्राबेन या सुमारे सात किलोमीटर लांबीच्या पाटाने सांक्ट आंद्रेआसबर्गच्या खाणींकडे जाते. पाटाचा उतार डोळ्यांना जाणवतही नाही, कारण पाणी जितक्या उंचीवर पोहोचेल तितकी शक्ती हाती राहते. पाटाच्या कडेने एक अरुंद पाऊलवाट चालते. पाटावर देखरेख ठेवणारा राखणदार तिच्यावरून फिरत असे. पाला-फांद्या काढी, फुटलेला काठ बुजवी.

आजच्या पर्यटकाला ती ‘निसर्गरम्य सपाट वाट’ वाटते. वास्तविक ती एका यंत्राची देखभालीची वाट आहे.

८/
या यंत्राने मोठमोठ्यांना भुरळ घातली. तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ लायब्निझ १६८०च्या दशकात हार्झमध्ये वारंवार येत असे. कोरड्या ऋतूत पाणी आटते, तेव्हा वाऱ्यावर चालणाऱ्या पवनचक्क्यांनी उपसा करावा अशी त्याची योजना होती. हॅनोव्हरच्या सत्ताधीशाने पैसा दिला. खाण-अधिकाऱ्यांनी नाके मुरडली. अखेर प्रयोग फसला. जगातील एका श्रेष्ठ बुद्धिमंताला जे साधले नाही, ते नावेही न उरलेले राखणदार फावडे आणि गवताच्या ढेपळांनी वर्षानुवर्षे साधत राहिले. इतिहासात श्रेय कसे वाटले जाते, यावर हा प्रसंग पुरेसे भाष्य करतो.

९/
आता सायकलकडे वळू. क्लाउस्टालच्या कॅरोलीन खाणीत १८३४ मध्ये एक नवी वस्तू प्रथम वापरली गेली : लोखंडी तारांना पीळ देऊन केलेला दोर. खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी तो बनवला. तोवर धातूचे खनिज वर ओढण्यासाठी तागाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरत. खोल खाणीत त्या तुटत आणि माणसे मरत. पीळ दिलेल्या तारेच्या दोराने तो प्रश्न सोडवला. पुढे झुलते पूल, लिफ्ट आणि दोरमार्ग हे सारे याच कल्पनेवर उभे राहिले.

आज हानेनक्ले किंवा ब्राउनलागे येथे सायकल दोरमार्गाच्या पाळण्याला लावून स्वार शिखरावर जातो. त्याच्या सायकलच्या गिअरला जोडलेली तारही त्याच कुळातली. खाण त्याच्या हाताशी आहे, त्याला ती दिसत नाही इतकेच.

१०/
जाता जाता एक धागा मुंबईचा. खाण-अधिकाऱ्याचा एक मुलगा १८४३ मध्ये याच क्लाउस्टालमध्ये जन्मला. त्याचे नाव रॉबर्ट कॉख. १८८४ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूचा शोध पक्का करणारा आणि १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी जर्मन आयोगासह मुंबईत आलेला तो हाच. डोंगरातल्या एका खाणनगराचे पडसाद कुठवर जातात, ते पाहण्यासारखे आहे.

११/
मूळ प्रश्न मात्र अरण्याचा. हार्झच्या सखल आणि मध्यम उंचीवर निसर्गतः बीचचे प्राबल्य असावयास हवे. स्प्रूस हा मुख्यतः माथ्याकडचा वृक्ष. परंतु खाणींनी डोंगर उघडा केला, तेव्हा लाकूड लवकर देणारे झाड हवे होते. अठराव्या शतकापासून स्प्रूसची पद्धतशीर लागवड होत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यातील पश्चिम हार्झमध्ये नुकसानभरपाईपोटी मोठी तोड झाली, आणि मोकळ्या उतारांवर पुन्हा स्प्रूसच लावला गेला. जर्मन लोककथांतले जे घनदाट काळे जंगल म्हणून पर्यटकांनी डोळे भरून पाहिले, त्याचा फार मोठा भाग म्हणजे सरळ रेषांत लावलेली लाकडाची शेती होती.

१२/
त्या शेतीचा हिशेब अलीकडे चुकता झाला. २०१८ पासूनच्या कोरड्या, उष्ण वर्षांत स्प्रूस दुबळे झाले आणि साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी त्यांचा फडशा पाडला. उतारच्या उतार करड्या, उभ्या सांगाड्यांनी भरून गेले. २०२२ च्या सप्टेंबरात ब्रोकेनच्या परिसरात मोठा वणवा पेटला. राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात मेलेली झाडे मुद्दाम तशीच ठेवली जातात आणि त्यांच्यामधून नवे, मिश्र जंगल आपोआप उगवू दिले जाते. वाळलेले खोड कोसळण्याच्या भीतीने कित्येक वाटा अधूनमधून बंद कराव्या लागतात.

सायकलमुळे अरण्य मरत आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे सांगाडे एकदा पाहावेत. ते जंगल टायरांनी मारलेले नाही. एकाच जातीच्या लागवडीवर तापलेल्या हवामानाचा घाव बसला आणि ते मेले.

१३/
‘डोंगर पायी चालणाऱ्यांचा’ हा दावाही तपासून घ्यावा लागतो. गटे १७७७ च्या डिसेंबरात बर्फातून ब्रोकेन चढला. हाइने १८२४ मध्ये हार्झमधून पायी हिंडला आणि क्लाउस्टालच्या खाणीतही उतरला. छंद म्हणून डोंगर चढण्याची प्रथा या मंडळींनी प्रतिष्ठित केली. हार्झक्लुब ही पदयात्रिकांची संघटना १८८६ मध्ये स्थापन झाली. वाटांवर खुणा करण्याचे मोठे काम तिचे. हे सारे आदरणीय आहे. तथापि खाणकामगार, लोणारी, गाडीवान आणि पाटाचे राखणदार यांच्या तुलनेत हौशी पदयात्रीही डोंगरात उशिरा आलेला पाहुणाच. जुन्या पाहुण्याने नव्या पाहुण्याला यजमानाच्या थाटात हुसकावून लावणे शोभत नाही.

१४/
आणखी एक वाट आहे. १९४५ नंतर हार्झच्या मधोमध दोन जर्मनींची सीमा आली. ब्रोकेनचे शिखर पूर्वेकडे गेले. १९६१ च्या ऑगस्टपासून ते सामान्य माणसाला पूर्णपणे बंद झाले. तेथे पूर्व जर्मन आणि सोव्हिएत यंत्रणा कान लावून बसल्या. सीमेलगत गस्तीच्या गाड्यांसाठी भोके असलेल्या काँक्रीटच्या लाद्यांचा रस्ता घातला गेला. पुढे ३ डिसेंबर १९८९ रोजी लोकांचा जमाव शिखराच्या तटबंदीवर जाऊन थडकला आणि दरवाजा उघडावा लागला. सीमापट्ट्यात माणसाला मज्जाव होता, म्हणून तेथे वनस्पती-प्राणी तगले. त्या पट्ट्याला आज ‘हरितपट्टा’ म्हणतात.

त्या लाद्यांवर आज सायकली खडखडतात. ज्या रेषेजवळ जाणेही गुन्हा होता, ती एक तरुण गाणे गुणगुणत ओलांडतो. याहून बोलके स्मारक क्वचितच असेल. मात्र आपण काय ओलांडले, हे त्याला कळले पाहिजे.

१५/
दक्षिण टोकाला स्वर अगदी बदलतो. नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन टेकडीच्या बोगद्यांत १९४३ च्या ऑगस्टपासून नाझींनी मिटेलबाउ-डोरा ही छळछावणी उभारली. कैद्यांकडून तेथे व्ही-२ अग्निबाण बनवून घेतले जात. सुमारे साठ हजार माणसे या छावणी-व्यवस्थेतून गेली. त्यांतील सुमारे वीस हजार मेली. १९४५ च्या एप्रिलमध्ये शत्रुसैन्य जवळ आले, तेव्हा कैद्यांच्या रांगा हार्झच्या रस्त्यांवरून पायी हाकलण्यात आल्या. जे चालू शकले नाहीत, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

त्या रस्त्यांवरून आज दुचाक्या जातात, मोटारी जातात, सहली जातात. रस्ता कायमचा बंद करणे हे त्याचे उत्तर नव्हे. परंतु त्याच्या नकाशावर केवळ चढ, उतार आणि काठिण्याचा रंग छापणे हेही उत्तर नव्हे.

१६/
म्हणून मुद्दा असा. वाद आहे तो ‘सायकल असावी की नसावी’ असा, आणि असायला हवा तो ‘कोणती वाट कशासाठी बनली होती आणि ती काय सोसू शकते’ असा. जर्मनीच्या १९७५ च्या वनकायद्याने जंगलात पायी फिरण्याची मुभा सर्वांना दिली आणि सायकल रस्त्यांपुरती व वाटांपुरती मर्यादित केली. नैऋत्येकडील बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याने तर दोन मीटरांहून अरुंद वनवाटांवर सायकलींना बंदीच केली. हार्झला तो नियम लागू नाही. पण तसा नियम सर्वत्र असावा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

रुंदी मोजणे सोपे असते, म्हणून ती मोजली जाते. प्रत्यक्षात ते माप चुकीचे आहे.

१७/
एक उदाहरण पुरे. सीमेवरचा काँक्रीटचा रस्ता लष्करी गाड्यांसाठी घातलेला. सायकलने त्याचे काहीही बिघडत नाही. उलट एखाद्या तलावाचा बांध वरून ऐसपैस रुंद असतो, म्हणजे दोन मीटरांचा नियम तेथे खुशाल सायकल सोडील. पण हार्झचे जुने बांध मातीचे आहेत, आणि पाणी अडवण्यासाठी गवताची ढेपळे एकावर एक दाबून त्यांना अस्तर केलेले असते. पाटांचे काठही मातीचेच. तेथे ओल्या दिवसांत टायरांचे चर पडले की पाणी त्या चरांतून वाट काढते, आणि मग काठ फुटतो. सुमारे सत्तर किलोमीटर पाट आजही वाहते ठेवले जातात. म्हणजे हा नुसता अवशेष नाही, चालते यंत्र आहे.

१८/
यावरून तीन कसोट्या निघतात.

पहिली : जेथे पूर्वी चाके चालली, तेथे चाके चालू द्यावीत. वनखात्याचे रस्ते, जुने रेल्वेमार्ग, गस्तीचा रस्ता हे सारे यात येतात.

दुसरी : जेथे पाणी चालते, तेथे टायर नको. पाटाचा काठ आणि मातीचा बांध पायाला पुरे.

तिसरी : जेथे जमिनीत पुरावा आहे, तेथे फावडे नको. परवानगीविना उड्यांचे उंचवटे आणि वळणे खणणारे काही हौशी स्वार नेमकी सपाट, मऊ मातीची जागा शोधतात. ती जागा म्हणजे बहुतेकदा लोणाऱ्याचा ओटा किंवा धातुमळीचा ढीग. तासाभरात खणलेली उडी सहाशे वर्षांचा पुरावा कायमचा नाहीसा करू शकते. इतिहासाच्या दृष्टीने खरा अपराध सायकल चालवणे हा नव्हे. न विचारता खणणे हा आहे.

१९/
एक आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य केला पाहिजे. इतिहासाने डोंगर माणसाळलेला ठरवला, म्हणून आजच्या प्राण्यांचा हक्क संपत नाही. २००० ते २००६ या काळात हार्झमध्ये लिंक्स हे रानमांजर पुन्हा सोडले गेले आणि ते तेथे रुजले. रात्री प्रखर दिवे लावून जंगलात भरधाव जाण्याचे समर्थन खाणीच्या कोणत्याही दाखल्याने होणार नाही. विद्युत मोटर असलेल्या सायकलींमुळे पूर्वी केवळ दमदार माणसे जेथे पोहोचत, तेथे आता कोणीही पोहोचते; तेव्हा संख्येचा प्रश्नही खोटा नाही. उद्यानाच्या गाभ्यातील निर्बंध म्हणूनच योग्य आहेत.

दुसरा आक्षेप असा येतो की पूर्वजांनीही डोंगराला न विचारताच तो पोखरला. खरे आहे. त्यांनी नद्या शिशाने विषारी केल्या, जंगल संपवले. परंतु ती चूक कळल्यावरही तीच परंपरा म्हणून पुढे चालवणे याला इतिहासप्रेम म्हणता येत नाही.

२०/
जबाबदारी दोन्हीकडे आहे. पर्यटनसंस्थांनी मार्गफलकांवर अंतर आणि चढ यांबरोबर दोन ओळी त्या वाटेच्याही लिहाव्यात : ही पाटाची वाट आहे, ही गस्तीची, ही त्या एप्रिलमधल्या कैद्यांची. पदयात्रिकांनी ‘अस्पर्श अरण्य’ हे मिथक सोडावे. स्वारांनी खणणे सोडावे आणि पाटाकाठी उतरून सायकल हातात घ्यावी. एवढ्याने वाद संपणार नाही, पण निदान तो खऱ्या गोष्टीविषयी होईल.

कारण आज पणाला लागले आहे ते हेच. जुने स्प्रूस कोसळले, तसे शतकांचे झाकलेले उतार उघडे पडले आहेत : ओटे, गाडीवाटा, खाणींची तोंडे. नवे जंगल त्यांवर पुन्हा छाया धरील, त्याला काही दशके लागतील. मधल्या काळात डोंगर एखाद्या उघड्या पोथीसारखा पडून आहे. त्यावरून चाक न्यायला हरकत नाही. पान मात्र फाटता कामा नये.

(धागा समाप्त)